तिसऱ्यांची साक्ष

जिताडा पानात पडला तेव्हा तो कुठून आला हे रुचिता मोकलने विचारलं नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच बिघडलं. विचारायला हवं होतं. देवघोळच्या खाडीत जिताडा परत आला होता हे खरं, पण बोलावला की हजर व्हावा इतका काही तो माजला नव्हता. आदल्या दिवशी तिचा धाकटा भाऊ धीरज जाळी टाकटाकून दमला होता, आणि हाती लागल्या होत्या थोड्या चिंबोऱ्या नि मूठभर कोलंबी. हे तिला ठाऊक होतं. तरी रविवारी दुपारी परातीत मावणार नाही एवढा मासा घरात शिजला आणि तिने नुसतं "वा" म्हटलं.

त्याला कारण होतं. जेवायला डॉ. केतन पळसुले आले होते. मोठ्या माणसाला घरी बोलवायचं आणि जिताडा वाढायचा नाही, हे रायगडातल्या आगरी घराला शोभलं नसतं. पूर्वी मामलेदाराकडे काम अडलं की लोक जिताडा घेऊन जायचे. पैसे परत करणारा मामलेदार कुणी पाहिला असेल, जिताडा परत करणारा कुणी पाहिला नव्हता. रुचिताच्या आईने, सुगंधाबाईंनी, बजावून ठेवलं होतं की सायबाच्या पानात जिताडा नसला तर मी वाढायला येणार नाही. धीरजने ते मनाला लावून घेतलं.

पळसुले हे जलसाक्ष मंडळाचे संचालक, म्हणजे रुचिताचे वरिष्ठ. ज्या कायद्यामुळे ही खाडी जगली तो त्यांच्याच डोक्यातून निघालेला. कालवण भुरकताना त्यांचा चष्मा वाफेने धूसर झाला, तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. ते म्हणाले, आमच्या कायद्याचा याहून चांगला अहवाल मी आजवर वाचला नाही. सुगंधाबाईंनी आग्रह करून त्यांच्या पानात डोकं वाढलं. धीरज दाराला टेकून हसत उभा होता. बहिणीची मान उंच झाली, एवढंच त्याला हवं होतं.

रुचिताच्या लहानपणी या खाडीला रंग असायचे. वरच्या अंगाला रंगांचा कारखाना होता. गाव त्याला नुसतं 'कंपनी' म्हणायचं, जणू जगात दुसरी नव्हतीच. पाणी कधी तांबडं, कधी निळं. पोरं त्यावरून कंपनीत आज काय शिजलं ते ओळखायची. रुचिताच्या वडिलांची जाळी पडवीत टांगून टांगून विरली, आणि शेवटी ते त्याच कंपनीच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभे राहिले.

कायदा तेव्हाही होता. तो परवानगीचा कायदा होता. साहेब यायचे, बाटलीत पाणी भरून न्यायचे. पण येण्याआधी त्यांचा फोन यायचा, आणि ते पोचेपर्यंत नाल्यातून टँकरचं गोडं पाणी झुळझुळत असायचं. मग सरकारला वाटलं की मधला साहेबच नको, कारखानदारांनी आपलं आपण लिहून द्यावं. त्यांनी दिलं. एकजात सगळ्यांनी लिहून दिलं की आम्ही स्वच्छ आहोत. त्यानंतर मीटर आले. नाल्याच्या तोंडाशी दांडा बसला आणि आकडे क्षणाक्षणाला मुंबईला जाऊ लागले. कंपनीतल्या कुणीतरी तो दांडा उचलून नळाच्या पाण्याच्या बादलीत ठेवला, आणि कित्येक वर्षं सरकार त्या बादलीची तब्येत तपासत राहिलं.

पळसुले त्या काळात तरुण संशोधक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाटली फसते, मीटर फसतो, पण ज्याला त्याच पाण्यात जगायचं आहे तो जीव फसत नाही. तिसरी म्हणजे दोन शिंपांच्या पेटीत बसलेला मऊ जीव. शिंपा किंचित उघडून ती पाणी आत ओढते, त्यातलं अन्न गाळून घेते आणि उरलेलं सोडून देते. विष आलं की पेटी मिटते. पळसुलेंनी पाहिलं की प्रत्येक विषाला तिचं मिटणं वेगळं असतं. जड धातू असले तर ती हळूहळू आकसते. प्राणवायू घटला तर उलट आ वासून पडते. क्लोरीन आला तर धाडकन दार लावते आणि मधूनमधून बारीकशी फट पाडून बाहेरचा अंदाज घेते. त्यांनी एका शिंपेवर तांदळाच्या दाण्याएवढा चुंबक चिकटवला आणि समोरच्या शिंपेवर तेवढाच संवेदक. शिंपांमधलं अंतर केसाएवढं बदललं तरी कळायला लागलं. एकटीदुकटी तिसरी उगाच दचकेल, पण एका वाफ्यातल्या शेकडो तिसऱ्या एकसाथ दचकल्या तर त्यांना वेड लागलेलं नसतं.

त्यावर जो कायदा उभा राहिला त्याने सगळं उलटं केलं. तिसऱ्यांना साक्षीदाराचा दर्जा मिळाला, आणि त्यांच्या साक्षीला उलटतपासणी नाही असं ठरलं. आजवर कारखाना दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष असायचा. आता तिसऱ्या मिटल्या आणि पुढच्या भरतीतही उघडल्या नाहीत, की कारखान्याच्या पाण्याचा मुख्य नळ आपोआप बंद, म्हणजे कारखानाच बंद. दंड नाही, तुरुंग नाही. कंपनीच्या पाणीप्रमुखाने खालच्या गावाच्या ग्रामसभेत उभं राहून कबुली द्यायची. गावाने माफ केलं की नळ उघडतो. फक्त त्या माणसाने जन्मात पुन्हा पाण्याचं काम करायचं नाही. आणि साक्षीदाराला कुणी इजा केली, तर त्याला मात्र सरळ कैद.

रुचिताला हा कायदा मनापासून आवडला होता. कंपनीने कुणापुढे तरी मान खाली घालावी हे पाहायला तिची पिढी आसुसली होती. म्हणून तर ती मुंबईतली नोकरी सोडून आपल्याच खाडीची साक्ष-अधिकारी झाली. आणि गंमत अशी, की तेव्हापासून कंपनीने मान खाली घालण्याजोगं काही केलंच नाही. नव्या कायद्याने ती इतकी घाबरली की खरोखर सुधारली. तिने नांदेडकडचा एक तरुण पाणीप्रमुख नेमला, वेदांत डोईफोडे. टँकरच्या रांगेत वाढलेला हा मुलगा पाण्याकडे देवघरात बघावं तसं बघायचा. स्वतः माळकरी, मासा कधी तोंडात घातला नव्हता. पण खाडीत पहिला जिताडा उसळला तेव्हा धावत येऊन रुचिताला सांगणारा तोच होता.

सोमवारी सकाळी ती बांधावरच्या आपल्या केबिनमध्ये आली तेव्हा पडद्यावर खाडीतल्या तिसऱ्यांच्या तीन वाफ्यांपैकी मधला आणि खालचा काळा पडलेला होता. आदल्या दिवशी संध्याकाळपासून तिसऱ्या मिटलेल्या. मधूनमधून फट पडत होती आणि पुन्हा बंद. क्लोरीन. यंत्राने विचार करायला फार वेळ घेतला नव्हता. खाडीवर क्लोरीन वापरायची परवानगी एकाच ठिकाणी होती. कंपनीत थंड पाण्याच्या पाइपांत शेवाळ धरू नये म्हणून तो घालायचे. ती चहा ओतून घेत होती तोवर वर कंपनीचा भोंगा वाजला आणि नळ बंद झाला.

गावात फटाके लागले. देवळासमोर कुणीतरी ढोल काढला. रुचिताच्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोला. वडील आज असते तर, असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं. त्याच आनंदात ती आईला सांगायला घरी निघाली.

मागच्या दारी धीरज हौद धूत होता. तिथे पाऊल टाकलं आणि क्लोरीनचा वास नाकात गेला. पोहण्याच्या तलावापाशी येतो तो, सरकारी दवाखान्यात येतो तो. कोपऱ्यात ब्लीचिंग पावडरची गोण होती. तिला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती, तरी तिने विचारलं.

"धीरज, कोंडीत पावडर टाकलीस?"

"थोरीच," तो म्हणाला. "तुझ्या सायबासाठीच ना, ताय. जाली टाकून टाकून हात गेले माझे. आय तं वाढायला येनार नाय बोलत होती."

वरच्या आणि मधल्या वाफ्याच्या मध्ये खाडीला एक खोल कोंड आहे. ओहोटीला सगळं पाणी उतरलं की मोठे मासे तिथे अडकून राहतात. रविवारी सकाळच्या ओहोटीला धीरजने त्यात पावडर कालवली आणि गुदमरून वर आलेला जिताडा हाताने उचलला. जिताड्याबरोबर बाकीचं सगळंही वर आलं, बोय, निवट्या, बोटभर पिल्लं. लोकांनी ते पाहिलं आणि पाट्या घेऊन धावले. रविवारी देवघोळमध्ये मासा शिजला नाही असं घर नव्हतं. मग उरलेलं पाणी भरतीने ढवळलं, पुढच्या ओहोटीने खाली नेलं आणि तिसऱ्यांनी दारं लावून घेतली.

धीरजला यातलं काही कळलंच नव्हतं. कंपनी बंद पडली म्हणून तोही खूश होता. रुचिताने समजावून सांगितलं तेव्हा तो हातातला खराटा टाकून हौदाच्या कठड्यावर बसला. "मना काय ठावं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याची मुलगी ओसरीवर गृहपाठ करत होती. रुचिताला ती दिसत होती, आणि कायद्यातलं कैदेचं कलमही डोळ्यांपुढे दिसत होतं, कारण त्याचा मसुदा तिनेच तपासला होता.

सुगंधाबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "चालीस वरसं त्यांनी इख घातलं. आमी येकदा घातलं तं काय आभाल कोसललं?"

ही गोष्ट रुचिताला पटायला नको होती, पण पटली. आधी केलेल्याची शिक्षा आता न केलेल्यासाठी मिळाली, तर हिशेब काय फार चुकला? असं तिने स्वतःशी म्हणून पाहिलं. मग तिने भावाला सांगितलं की ती गोण आत्ताच्या आत्ता मागच्या खाजणातल्या चिखलात पुरून टाक. सांगताना तिचा आवाज अगदी ऑफिसातल्यासारखा होता, याची तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती बेलापूरला पळसुलेंकडे गेली. भावाचं नाव घ्यायचं नाही असं ठरवून गेली होती, पण मासा कुठला हे सांगितल्यावर नाव लपण्यासारखं नव्हतंच. पळसुलेंनी खोलीचं दार लावून घेतलं. मग त्यांनी तिला शांतपणे समजावलं, शिकवत असल्यासारखं. राज्यभरात आज इतके कारखाने तिसऱ्यांच्या साक्षीवर बंद आहेत. त्यातले बहुतेक खरेखुरे चोर आहेत. उद्या देवघोळची गोष्ट बाहेर पडली की त्यांतल्या एकेकाचा वकील उभा राहून म्हणेल, आमच्याही खाडीत कुणीतरी पावडर टाकली असेल. मग उलटतपासणी येईल, मग समिती येईल, मग पुन्हा बाटली घेऊन साहेब येईल. "तुला परत तांबडं पाणी हवंय का?" त्यांनी विचारलं.

ते खोटं बोलत नव्हते, हीच अडचण होती. तिने डोईफोडेचं काय असं विचारलं. ते म्हणाले, तो एक माणूस आहे आणि खाडी हजारोंची आहे. मग त्यांनी चष्मा काढला आणि खाली बघत म्हणाले, "आणि तो मासा मीही खाल्लाय, रुचिता."

परतीच्या वाटेवर तिला बाकीचं सगळं विसरायला झालं, हे एक वाक्य तेवढं राहिलं. त्यांनी मोठी मोठी कारणं दिली, तिनेही स्वतःला दिली, आणि सगळ्यांच्या तळाशी हे होतं. आपल्या ताटातला काटा कुणाला दिसू नये.

त्या आठवड्यात वेदांत डोईफोडे केबिनवर आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. त्याने क्लोरीनचा पंप उघडून पुन्हा जोडला होता, प्रत्येक सांधा तपासला होता, रात्रपाळीच्या माणसांना एकेकटं बसवून विचारलं होतं. कुठे थेंबाचीही गळती नव्हती. मालकांनी निरोप पाठवला होता की लवकर कबुली देऊन टाक, एकेक दिवस बंद ठेवणं परवडत नाही. तुझी पुढची सोय आम्ही गोदामात करू. तो हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. आपल्या हातून काय निसटलं तेवढं त्याला कळून घ्यायचं होतं.

"एकच गोष्ट जुळत नाही, मॅडम," तो म्हणाला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "वरचा वाफा आमच्या नाल्याच्या अगदी तोंडाशी आहे. तिथल्या तिसऱ्या उघड्याच होत्या. क्लोरीन आमच्याकडून सुटला असता तर आधी त्या मिटायला पाहिजेत ना? तुम्ही इथल्याच आहात. पाणी असं कधी जातं का?"

बाहेर भरती चढत होती. खिडकीखाली चिखलात खेकडे पळत होते. रुचिताकडे अजून वेळ होता. एका 'नाही'ने सगळं मिटलं असतं. वरचा वाफा उघडा राहिल्याबद्दल यंत्राच्या हिशेबात भरतीच्या वळणाची एक सबब आधीच घातलेली होती, ती सबब किती लंगडी आहे हे खाडीवर जन्मलेल्या कुणालाही कळलं असतं. वेदांत खाडीवर जन्मलेला नव्हता.

"जातं," ती म्हणाली. "भरती जोराची असली की पाणी वरच्या अंगाला कडेकडेने सरकतं आणि खाली येऊन पसरतं. आमच्याकडे होतं तसं."

त्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं काहीतरी उमटलं. कोडं सुटलं होतं आणि उत्तर त्याच्याविरुद्ध निघालं होतं, पण निघालं होतं. "मग माझंच चुकलं असणार," तो म्हणाला. "तिसऱ्या कशाला खोटं बोलतील?" जाताना त्याने तिचे आभार मानले. म्हणाला, इथे सगळे मला शत्रू समजतात, तुम्ही निदान नीट समजावून सांगितलंत.

तो गेल्यावर तिने दार लावलं आणि खुर्चीत बसली. तिला रडू आलं नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. तिला फक्त किळस आली, स्वतःची, आणि ती घरी जाऊन अंघोळ केल्यावरही गेली नाही. पूर्वीचे साहेब फोन करून यायचे, पैसे घ्यायचे. त्यांना शिव्या देत ती मोठी झाली. त्यांनी निदान कुणाचे आभार घेतले नव्हते.

ग्रामसभा शुक्रवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात भरली. सारा गाव लोटला होता. बायका पुढे, पुरुष खांबांना टेकून. पळसुलेही आले होते आणि कडेला खुर्चीत बसले होते. रुचिताशी त्यांची नजरानजर झाली नाही. धीरज अगदी मागे, बाहेरच्या पायरीजवळ उभा होता. कबुली आधी, चर्चा नंतर, असा कायद्याचा क्रम होता आणि तो वाचून दाखवायचं काम रुचिताचं होतं. तिने वाचून दाखवला.

वेदांत उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कागद वगैरे काही आणला नव्हता. तो म्हणाला की माझ्या गावात हंडाभर पाण्यासाठी आई मैलभर चालायची, त्यामुळे पाणी नासवणं काय असतं ते मला कळतं, आणि तेच माझ्या हातून झालं. कुठे झालं ते मला सापडलं नाही. पण माझ्या पाहण्यात काहीतरी राहिलं, म्हणून तुमच्या खाडीचा श्वास कोंडला. पिल्लं मेली असतील, तुमची रोजी बुडाली असेल. कंपनीने तुम्हाला आधीच खूप सोसायला लावलंय, आणि मी त्यात भर घातली. मग त्याने हात जोडले आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपुढे जमिनीला डोकं टेकवलं.

चाळीस वर्षं गावाने ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो हा क्षण होता. कंपनी पायाशी पडली होती. रुचिताने आजूबाजूला पाहिलं. पिल्लं कुणी मारली आणि कुणाकुणाच्या पाटीत गेली, हे इथल्या प्रत्येकाला माहीत होतं. एकजण पंच्याचा कोपरा बोटांत पिळत होता. बायका एकमेकींकडे न बघता समोर बघत होत्या. न कळणारा एकच माणूस त्या सगळ्या गावात होता, आणि तो फरशीवर डोकं टेकून पडला होता.

सरपंच पुटपुटले की गावाच्या वतीने कुणी वडीलधाऱ्याने बोलावं. पुरुषांतलं कुणी पुढे येईना. शेवटी सुगंधाबाई उठल्या. पदर सावरून त्या वेदांतजवळ गेल्या, वाकल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"उठ बाला," त्या म्हणाल्या. "आमी माफ केलं तुला."

टाळ्या वाजल्या. आधी तुरळक, मग सगळ्यांच्या, सुटका झाल्यासारख्या. वेदांत उठला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते आणि तो सुगंधाबाईंचे पाय धरायला पुन्हा वाकला. तेवढ्यात रुचिताच्या तोंडून शब्द गेले. आपण बोलायचं ठरवलंय हे तिला तोवर माहीत नव्हतं. आईने पुरे पाप केलं, आता तिच्या पायांना त्या मुलाचे हात लागायला नकोत, एवढंच तिला कळलं.

"त्याने काही केलेलं नाही," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या नाहीत म्हणून तिला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. मग तिने सगळं सांगितलं. कोंड, पावडर, भावाचं नाव, जिताडा कुणी कुणी खाल्ला तेही. गोण पुरायला मीच सांगितलं, म्हणाली. पळसुले खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले. दाराशी धीरजने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, पण तो पळाला नाही. सरपंचांनी ही गोष्ट सभेत नोंदवायची कशी असं विचारलं. कायद्यात तशी जागाच नव्हती. तिसऱ्यांच्या साक्षीनंतर माणसाने काही सांगायचं असेल तर ते कुठे सांगायचं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. रुचिताने मसुदा तपासला होता तेव्हा तिलाही ते सुचलं नव्हतं.

वेदांत हात तसेच अर्धवट जोडलेले ठेवून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती वाट बघत राहिली. राग आला असता तर तिला तो झेलायचा होता. तो आला नाही.

"तुम्हाला कधी कळलं, मॅडम?" त्याने विचारलं.

"सोमवारीच."

"म्हणजे मी केबिनवर आलो होतो तेव्हा..."

"हो."

"भरतीचं पाणी असं जात नाही तर."

"नाही," ती म्हणाली. "कधीच जात नाही."

त्याने मान डोलावली. एका चुकीच्या गणिताचं बरोबर उत्तर सापडावं तशी. मग त्याने सुगंधाबाईंकडे पाहिलं. हात खाली सोडले, शर्टाला लागलेली धूळ झटकली आणि लोकांमधून वाट काढत निघाला. लोकांनी गुडघे आवळून त्याला जागा दिली. कुणी "थांब" म्हटलं नाही, कुणी "माफ कर" म्हटलं नाही. ते म्हणायचा हक्क सगळ्यांनी टाळ्या वाजवून घालवला होता.

पायरीवर चपलांचा ढीग पडला होता. त्यात त्याच्या चपला सापडायला त्याला बराच वेळ लागला. वाकून तो एकेक जोड बाजूला करत होता. तेवढा सगळा वेळ मंडपातल्या एकानेही मान वर केली नाही, आणि रुचितानेही नाही.